एकशे तेरा नंबरचा ट्रे

पार्सल कसं पाठवावं हे या जगात दोघांनाच कळतं, असं कानसेनचं ठाम मत होतं. एक तो स्वतः आणि दुसरं त्याचं मशीन! बाकीचे सगळे नुसते चिठ्ठ्या चिकटवणारे.

कानसेन हे काही त्याचं खरं नाव नव्हे. एका मोठ्या पार्सल केंद्रात तो फिटर होता. वय बावन्न, मिशी पांढरी, स्वभाव दुरुस्तीच्या पलीकडचा. तिथल्या छताखाली तीनशे चाळीस ट्रेंचं एक रिंगण दिवसभर फिरत असे, आणि त्यातल्या कुठल्या ट्रेचं कुठलं चाक कुरकुरतंय हे तो डोळे मिटून नुसत्या कानाने सांगायचा. म्हणून कानसेन. एकदा त्याने पैज लावून दोनशे सहा नंबरचं मागचं डावं बेअरिंग गेलंय म्हणून सांगितलं. उघडून बघतात तर उजवं! "मी तुमच्याकडून डावं म्हणालो होतो," असं म्हणून त्याने पैज खिशात घातली. हरणं हा प्रकारच त्याच्या गावी नव्हता.

मशीन तसं सोपं. प्रत्येक ट्रेच्या खाली चार चाकांचा एक छोटा गाडा. ट्रेवर पार्सल बसलं की वरचा कॅमेरा पत्ता वाचतो. त्या गावाची घसरगुंडी आली की खालून एक लोखंडी बोट वर येतं, ट्रेची खटकी उडवतं, ट्रे कलतो आणि पार्सल घरंगळत खाली पोत्यात! पुढे एक वाकडा रूळ असतो. तो कललेल्या ट्रेला मान धरून सरळ करतो, खटकी बसते आणि ट्रे पुढच्या पार्सलला मोकळा. ज्याचा पत्ता कॅमेऱ्याला वाचता येत नाही ते पार्सल सगळ्यात शेवटच्या घसरगुंडीवरून बेवारस टेबलावर पडतं. तिथे एक मावशी बसायच्या. हाताने पत्ते शोधायच्या आणि तोंडाने पाठवणाऱ्यांच्या सात पिढ्यांचा उद्धार करायच्या.

आता या तीनशे चाळीस ट्रेंमध्ये एकच ट्रे असा होता की जो कधीच कलत नसे. नंबर एकशे तेरा. त्याची खटकी अकरा महिन्यांपूर्वी तुटली होती. कानसेनने नवी मागवली, आली नाही. परत मागवली, तेव्हा खटकीऐवजी खटकीचं माहितीपत्रक आलं! शेवटी त्याने तो ट्रे तारेने करकचून बांधला आणि कंप्युटरला सांगून टाकलं, बाबा रे, हा मेला असं समज. पण मेलेल्या ट्रेचा जिवंत माणसांना काय उपयोग म्हणून सांगू! या टोकाला वर्कशॉप, त्या टोकाला ट्रक लागायचा फलाट, मधे चालत गेलं तर दहा मिनिटं. एकशे तेरावर ठेवलं तर तीन. चहाचा थर्मास, किल्ल्या, छत्र्या, कुणाच्या विसरलेल्या चपला, सगळं एकशे तेरावरून जायचं. ही सोय साहेब सोडून सगळ्यांना माहीत होती.

हे सगळं आधी सांगितलं, कारण पुढे सांगायला वेळ मिळणार नाही.

कानसेनच्या बायकोचं आदल्या दिवशी ऑपरेशन झालं होतं. पोटातून गाठ काढली. सकाळी सर्जनने एक लहानशी बाटली त्याच्यासमोर ठेवली. आत पाण्यासारखं औषध आणि त्यात बुडालेली सुपारीएवढी गाठ.

"ही आज चारच्या आत मोठ्या शहरातल्या लॅबमध्ये पोचली पाहिजे," सर्जन म्हणाले. "गाठ कुठल्या जातीची आहे ते तिथेच कळेल. आमचा माणूस निघतोय साडेनऊला."

"तुमचा माणूस?" कानसेन हसला. "डॉक्टर, तुमचा माणूस बसने जाणार आणि बसमध्ये झोपणार! आमच्याकडून रोज ऐंशी हजार पार्सलं जातात. माझा मेहुणाच अकराचा ट्रक घेऊन त्या शहराला जातो. दोन वाजता बाटली त्यांच्या टेबलावर!"

"दुसरी बाटली नाही हं. हरवली तर परत पोट उघडावं लागेल."

"हरवली? डॉक्टर, तुम्ही कुणाशी बोलताय!"

खरं सांगायचं तर तो घाबरला होता. सव्वीस वर्षांच्या संसारात घरातली साखर कुठल्या डब्यात असते हे त्याला अजून माहीत नव्हतं. भीती वाटली की बढाया मारायच्या, ही त्याची जुनी खोड. बायकोला ती पाठ होती.

"मी परत त्या टेबलावर झोपणार नाही," ती पलंगावरून म्हणाली. आवाज बारीक होता, पण धार होती. "आधीच सांगून ठेवते. आणि तुमच्या कामावर कुणाला काही बोलू नका. लोक भेटायला येतात आणि कुणाचं कोण कशाने गेलं ते सांगत बसतात."

"माझ्या तोंडून अक्षर निघायचं नाही," तो म्हणाला.

बाटली थर्मोकोलच्या पेटीत बसली, पेटीवर नुसत्या नंबरची एक चिठ्ठी लागली, आणि कानसेन ती काखोटीला मारून कामावर आला. दारातच साहेबांनी त्याला गाठलं. साहेब म्हणजे पाळीचे मॅनेजर. माणूस वाईट नव्हता, पण मशीन थांबलं की यांचा श्वास थांबायचा.

"आज वरून तपासणी आहे. मोटरपाशी उभा राहा. जागचा हलू नकोस!"

साडेदहा वाजले, पावणेअकरा वाजले. साहेब काही हलेनात. कानसेनने कोपऱ्यात तोंड करून मेहुण्याला फोन लावला.

"भाऊजी, कुठे आहात? माझी गाडी भरली. अकराला सुटायलाच लागते!"

"तू फलाटावर उभा राहा. एकशे तेरावरून पाठवतो."

"ताईची बाटली? ट्रेवरून?"

"अरे, अकरा महिन्यांत त्या ट्रेवर चहाचा थेंब सांडलेला नाही! पाळण्यातलं पोरसुद्धा एवढं सुखाने जात नाही."

साहेबांची पाठ वळल्याबरोबर त्याने येणाऱ्या ट्रेवरचा एकशे तेरा नंबर तेवढा बघितला, पेटी अलगद वर ठेवली आणि हात झटकले. झालं! एवढ्याशा कामासाठी डॉक्टरांनी केवढं तोंड केलं होतं!

तेवढ्यात मौनीबाबा आला. हा दुसरा फिटर. दिवसातून चार शब्द बोलायचा, त्यातले दोन "हं" असायचे. आज मात्र चेहऱ्यावर चक्क हसू होतं. त्याने कानसेनसमोर तारेचं एक वेटोळं ठेवलं.

"ही कुठली तार?"

"एकशे तेराची."

कानसेनला पहिल्यांदा वाटलं की आपले कान गेले.

"एकशे तेराची तार इथे कशी?"

"खटकी आली काल," मौनीबाबा म्हणाला. "सकाळी लवकर येऊन बसवली."

"आणि... कंप्युटर?"

"चालू केला."

महिनाभर कानसेनचं तोंड उतरलेलं मौनीबाबाने पाहिलं होतं. विचारायला शब्द लागतात, म्हणून विचारलं नव्हतं. अकरा महिने ज्या खटकीसाठी हा माणूस बोटं मोडतोय, ती आपण गुपचूप बसवून द्यावी, त्याला जरा बरं वाटेल, एवढाच बिचाऱ्याचा हेतू. आणि वहीत लिहूनही ठेवलं होतं हो! पण वही वाचतो कोण?

कानसेन धावत सुटला. बावन्न वर्षांचा माणूस, गुडघे दोन्ही कामातून गेलेले, पण असा सुटला की साहेबांना वाटलं कुठेतरी आग लागली. लोखंडी जिना चढून तो वरच्या फळीवर पोचला तेव्हा एकशे तेरा नंबर ऐटीत चालला होता. कॅमेऱ्याखालून गेला. चिठ्ठीवरचा दवाखान्याचा नंबर कॅमेऱ्याला काय कप्पाळ कळणार! ट्रे शेवटच्या घसरगुंडीपाशी आला. खालून लोखंडी बोट वर आलं. नवी कोरी खटकी उडाली आणि ट्रे कलला. इतका सुरेख कललेला ट्रे कानसेनने अख्ख्या नोकरीत पाहिला नव्हता!

त्याने लाल दोरी ओढली.

ही दोरी फक्त कुणाचा हात किंवा जीव अडकला तर ओढायची असते. तीनशे चाळीस ट्रे जागच्या जागी थांबले. पण ट्रेवरची पार्सलं कुठली थांबतात! शंभरेक पार्सलं धडाधड खाली आली. एकशे बारावर व्यायामाची लोखंडी वजनं भरलेली पेटी होती. तिने अशी उडी मारली की एकशे तेराच्या मागोमाग त्याच घसरगुंडीवरून थेट बेवारस टेबलावर!

"कुणी थांबवलं?" साहेब ओरडत आले. "कुणाचा हात अडकला?"

"हात नाही साहेब," कानसेन धापा टाकत म्हणाला. "चष्मा! चष्मा पडला माझा."

"मग हा नाकावर काय आहे?"

"हा... हा जवळचा. लांबचा पडला."

तुम्ही हसाल, पण घाबरलेल्या माणसाला ऐन वेळी याहून बरं खोटं सुचत नाही. तपासणीचे लोक यायला तासभर होता. साहेबांनी वीस माणसं चष्मा शोधायला लावली! वीस माणसं गुडघ्यांवर बसून पोती उपसायला लागली. दहा मिनिटांत तीन चष्मे सापडले. एक कुणा म्हाताऱ्याचा, एक काळा, एक लहान मुलाचा गुलाबी. प्रत्येक चष्मा नाचवत माणसं कानसेनकडे येत होती. तो प्रत्येक वेळी "हा नव्हे, हा नव्हे" म्हणत बेवारस टेबलाकडे एकेक पाऊल सरकत होता.

टेबल दहा पावलांवर आलं आणि मावशी किंचाळल्या.

"अगं आई गं! डोळे झोंबतात माझे! ही कसली पेटी फुटलीय मेली?"

थर्मोकोलचा कोपरा चेपला होता. आतून थेंब थेंब काहीतरी टपकत होतं आणि वास असा की नाकातले केस जळावेत. कानसेन पुढे झेपावला, तेवढ्यात त्याच्या कॉलरला कुणीतरी मागून धरलं. या सेफ्टीच्या बाई. उंच, हाडकुळ्या आणि नियमाच्या बाहेर जांभईसुद्धा न देणाऱ्या.

"अज्ञात रसायन!" बाई गरजल्या. "सगळे बाहेर!"

भोंगा वाजला. एकशे साठ माणसं आवारात जाऊन उभी राहिली. दारं बंद झाली, फाटक बंद झालं, बाईंनी दाराला पिवळी पट्टी लावली.

"शहरातून पथक येईल. तोवर आत कुणी पाऊल टाकायचं नाही."

"किती वेळ लागेल?" कानसेनने विचारलं.

"दोन-अडीच तास."

आता हिशोब बघा. सव्वाअकरा वाजलेले. पथक येणार पावणेदोनला. पुढे ट्रकचे तीन तास. लॅब बंद चारला. आणि तिकडे बाटलीतलं औषध थेंबाथेंबाने चाललेलं.

आवारात एकेकाच्या जिभेला पाय फुटले होते. एक म्हणाला ॲसिड आहे. दुसरा म्हणाला विष. तिसऱ्याने तर स्फोट ऐकलासुद्धा! तेवढ्यात गर्दीतून वाट काढत मेहुणा आला.

"भाऊजी, ट्रेची वाट बघून डोळे फुटले माझे. ताईची बाटली कुठाय?"

"आत."

"आत म्हणजे कुठे?"

"हे सगळे जिला घाबरून बाहेर आलेत ना," कानसेन हळूच म्हणाला, "तीच."

मेहुणा मटकन खाली बसला.

कानसेन तासभर उभाच राहिला. बोलावं तर नोकरी जाणार, कारण कंपनीच्या मशीनवर घरचं सामान म्हणजे सरळ घरचा रस्ता. शिवाय तिला शब्द दिलेला. न बोलावं तर तिला परत त्या टेबलावर झोपवणार, परत त्याच जखमेवर सुरी चालणार, आणि ती छताकडे बघत विचारणार, "पोचली होती ना हो बाटली?" एवढं डोळ्यांसमोर आलं आणि त्याचे पाय आपोआप पुढे गेले.

"साहेब, ते रसायन नाही."

"मग काय आहे?"

"माझ्या बायकोच्या पोटातली गाठ आहे."

साहेबांनी त्याच्या नाकाकडे बघितलं.

"आणि चष्मा?" त्यांनी विचारलं.

"चष्मा पडलाच नव्हता."

मग त्याने सगळं सांगितलं. एकशे तेरा, तार, थर्मास, चपला, सगळं! सांगता सांगता त्याला रडू फुटलं, आणि त्याला स्वतःलाच त्याची एवढी लाज वाटली की तो रडतानाही मोटरच्या बेअरिंगबद्दल काहीतरी बोलत राहिला. मौनीबाबा पुढे आला.

"मी केलं हे," तो म्हणाला. "तुला बरं वाटावं म्हणून केलं रे. मला काय ठाऊक!"

एवढं लांब वाक्य त्याच्या तोंडून कुणी ऐकलं नव्हतं. साहेब काही बोलायच्या आत सेफ्टीच्या बाईंनी मास्क चढवला, हातमोजे घातले आणि स्वतः लावलेली पिवळी पट्टी स्वतःच ओलांडून आत गेल्या. सहा मिनिटांनी बाटली घेऊन बाहेर आल्या. झाकणाला चीर गेली होती, औषध अर्ध्यावर आलं होतं. कानसेनने सर्जनना फोन लावून दिला.

"गाठ बुडालेली आहे का?" सर्जनने विचारलं.

"बुडालेली आहे," बाई म्हणाल्या.

"मग झाकणावर चिकटपट्टी गुंडाळा, सरळ उभी धरा आणि निघा. आणि कुणी शहाणपणा करून त्यात पाणी ओतू नका!"

आता फाटक. फाटकावरचं यंत्र चिठ्ठी दाखवल्याशिवाय पार्सल बाहेर सोडत नाही. बुकिंगचा कारकून पळत आला आणि चिठ्ठी करायला लागला.

"आत काय आहे?" त्याने सवयीने विचारलं आणि जीभ चावली. "ठीक आहे, औषध लिहितो. किंमत?"

"कसली किंमत?"

"वस्तूची. रिकामी जागा मशीन घेत नाही."

कारकुनानेच मग खाली मान घालून "एक" लिहिलं. चिठ्ठी निघाली, फाटक उघडलं.

"तूही जा याच्याबरोबर," साहेब कानसेनला म्हणाले. "लेखी जबाब उद्या दे. इथे थांबलास तर आणखी काय काय थांबवशील देव जाणे!"

तीन तास कानसेन ट्रकमध्ये बाटली दोन्ही हातांनी उभी धरून बसला. खड्डा आला की मेहुण्याला शिव्या देत होता, खड्डा गेला की परत देत होता. चारला वीस मिनिटं कमी असताना ते लॅबमध्ये घुसले. काउंटरवरची मुलगी फोनवर बोलत होती. तिने वर न बघता बोट दाखवलं.

"ठेवा तिथे."

संध्याकाळी तो दवाखान्यात पोचला.

"पोचली?" बायकोने विचारलं.

"पोचली की. म्हणालो नव्हतो!"

"मग तोंड असं का झालंय? खरं सांगा."

सव्वीस वर्षांत तिच्यापुढे त्याचं एक खोटं टिकलं नव्हतं. त्याने सांगितलं. चष्म्यापर्यंत ती गंभीर होती. गुलाबी चष्म्याला तिचा खांदा हलला. एकशे साठ माणसं आवारात उभी राहिली म्हटल्यावर तिने पोट धरलं. आणि "बेअरिंगबद्दल बोलत रडत होतो" हे ऐकल्यावर ती जी हसत सुटली ती थांबेचना! महिनाभरात पहिल्यांदा हसत होती. कानसेनला एवढा आनंद झाला की तो उठून धावतानाची नक्कल करून दाखवायला लागला. मग ती "आई गं" म्हणाली. दोन टाके तुटले होते. सर्जन आले, त्यांनी टाके घातले आणि कानसेनला वॉर्डाच्या बाहेर घातलं.

पंधरा दिवस बिनपगारी घरी बसावं लागलं. नोकरी मात्र वाचली. केंद्रातली सगळी मंडळी पाळीपाळीने तिला भेटायला आली. मावशींनी आपली नणंद, जाऊ आणि शेजारीण कशाने गेली ते तपशीलवार सांगितलं. मौनीबाबा तासभर बसला आणि "हं" म्हणून गेला. तो आलेला तिला सगळ्यात आवडला.

दहाव्या दिवशी अहवाल आला. नमुना उत्तम स्थितीत मिळाला, असं पहिल्याच ओळीत लिहिलं होतं. कानसेनने ती ओळ मोठ्याने दोनदा वाचून दाखवली. पुढच्या ओळी सर्जनने वाचल्या. गाठ वाईट जातीची होती. मुळं आत राहिली होती. पुन्हा पोट उघडायला लागणार होतं, आणि या वेळी जास्त.

एवढी इमारत रिकामी केली, एवढा आटापिटा केला, तो तिला परत टेबलावर झोपायला लागू नये म्हणून. आणि ती बाटली वेळेवर पोचून सांगते काय, तर झोपवा!

"हरवली असती तरी तेच, पोचली तरी तेच," बायको म्हणाली. मग त्याचं तोंड बघून तिने त्याचा हात ओढून घेतला. "आता वेळेत कळलं तरी."

पुढच्या आठवड्यात तिला स्ट्रेचरवरून आत नेलं. दारापाशी तिने त्याला खाली वाकायला सांगितलं.

"हे बघा. आज तुम्ही कुठे काही पोचवायचं नाही. कुणाला काही सांगायचं नाही, कसली दोरी ओढायची नाही. नुसतं या बाकावर बसायचं. कळलं?"

"कळलं."

दार बंद झालं. तो बाकावर बसला. हातात पाना नाही, समोर मशीन नाही, आणि दारापलीकडून त्याच्या त्या नावाजलेल्या कानांना काही म्हणजे काही ऐकू येत नव्हतं. हातांचं काय करावं कळेना म्हणून तो त्यांच्यावरच बसला.

तेवढ्यात दवाखान्याचा एक माणूस कागद घेऊन आला.

"सही लागेल. पेशंटचे तुम्ही कोण?"

उत्तर अगदी सोपं होतं. पण कानसेनचं डोकं ठिकाणावर नव्हतं, आणि तीस वर्षं कुणीही कोण म्हणून विचारलं की तोंडातून जे निघायचं तेच निघालं.

"फिटर," तो म्हणाला.

माणसाने एकदा वर बघितलं आणि ते तसंच लिहून घेतलं.